दिलेश्वरची जागा

माणसानं कडीकडे हात नेला, तशी साधना हातातली सांबाराची, कोथिंबिरीची जुडी टाकून धावली आणि कडी वाजायच्या आत तिनं ती वरच्यावर धरली.

"वाजवू नोका," ती दबक्या आवाजात म्हणाली. मग समोरचा चेहरा पाहून तिनं आपली ठेवणीतली हिंदी काढली. "बच्चे सोए हैं. नाइट है उनकी."

माणूस ओशाळून दोन पावलं मागं सरला. गळ्यात गमछा, हातात कापडाची पिशवी, डोळ्यांत दोन-तीन रात्रींचा प्रवास. पन्नाशीच्या आसपासचा असावा, पण अंगानं इतका किरकोळ, की पाठमोरा पाहिला तर पोरगाच वाटावा.

अमरावतीच्या कडेच्या या गल्लीत दुपारी कोणी मोठ्यानं बोलत नाही. आधी इथं मुगाची वावरं होती. पलीकडे कापडाच्या कंपन्या आल्या, मागोमाग परप्रांतातली पोरं आली, आणि वावरांवर खोल्या उभ्या राहिल्या. अर्धी पोरं दिवसा कामावर, अर्धी रात्री. म्हणजे केव्हाही पाहा, अर्धी गल्ली झोपलेलीच. झोपमोड झाली की पोरं बिनबोभाट पुढच्या गल्लीत खोली बघतात, हे घरमालकांना पहिल्याच वर्षी कळून चुकलं. मग दारावरच्या घंट्या निघाल्या. कुकर आणि मिक्सर संध्याकाळवर गेले. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी आला की ओरडणं थांबवतो आणि मुकाट्यानं गाडा ढकलत जातो; बायका त्याला हातानंच खुणावतात. समोरच्या गोदाबाईंचे यजमान भर दुपारी गेले, तेव्हा घरातल्या बायका पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या. तसं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. अंगवळणी पडलं होतं, एवढंच.

"कौन होना?" साधनानं विचारलं.

"दिलेश्वर. हमरा बेटा है. इहाँ रहता है."

साधनाला त्या नावावरून काहीच आठवेना. तिच्या खोलीत आठ पोरं होती, चार दिवसाची, चार रात्रीची. ती एकमेकांना भैया म्हणत, साधनाही त्यांना भैया म्हणे, ती पोरं तिला आंटी म्हणत. सात वर्षांत त्यावाचून काही अडलं नव्हतं. गल्लीत सगळ्यांचंच तसं होतं. फारुखच्या किराणा दुकानात आता सत्तू आणि मोहरीचं तेल मिळे, आणि फारुखलाही सत्तूवाला भैया, खैनीवाला भैया एवढीच ओळख पुरत असे.

माणसानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला फोटो काढला. साधनानं तो उन्हाकडे धरला आणि तिचा जीव भांड्यात पडला. फोटोतल्या पोराच्या अंगात निळ्या चौकटीचा शर्ट होता. तो तिच्याच नवऱ्याचा, गजेंद्रचा. गेल्या दिवाळीत तिनं जुने शर्ट पोरांना वाटले होते, त्यांतला.

"हाँ हाँ, यहीच है," ती म्हणाली. "अंदर सोया है. शाम को उठेंगा. तब तक बैठना पडेंगा तुमको."

माणसाच्या चेहऱ्यावरचा प्रवास एकदम उतरला. त्यानं दोन्ही हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही.

खोलीच्या खिडकीला लागून ओटा होता. साधनानं त्याला तिथं बसवलं आणि चहा आणून दिला. खिडकीच्या गजांतून आत पाहिलं की चार पोरं ओळीनं निजलेली दिसत, डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण ओढून. दिवसाचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती तशीच झोपत, उन्हाळ्यातसुद्धा. साधना रोज दुपारी येता-जाता एक नजर टाकायची. चार पांघरुणं, चार पोरं. सगळं ठीक.

माणसानं गजांना नाक लावलं आणि बराच वेळ पाहिलं. मग हळूच बोट केलं.

"ऊ वाला. लाल किनारी. उसकी माई सिए है."

कोपऱ्यातल्या गोधडीला खरंच लाल लुगड्याची किनार होती. साधनानं मान हलवली. आता तर शंकाच नव्हती.

"उठाऊँ क्या?" तिनं आपलाच नियम मोडून विचारलं. बाप इतक्या लांबून आलेला.

"नहीं नहीं. सोने दीजिए. रात भर खटा होगा."

तो खिडकीशीच बसून राहिला. गोधडी श्वासाबरोबर वरखाली होत होती आणि त्याच्या तोंडावर हसू येत-जात होतं. साधना पुन्हा सांबार निवडायला बसली. एका बापानं पोराची झोप राखावी आणि आपण ती पाहावी, हे तिला मनापासून आवडलं. तिची रागिणी पुण्याला शिकायला होती. या आठ पोरांच्या भाड्यावरच तिचं शिक्षण चाललं होतं.

"मोटा हो गया है," माणूस खिडकीतून नजर न काढता म्हणाला.

"खाता है ना अच्छा."

"लंबा भी हुआ है का?"

साधनानं पाहिलं. गोधडीखालून पाय बाहेर आले होते. मोठे, रुंद पाय.

"इस उमर में होताच है," ती म्हणाली. पण म्हणताना तिचा हात जुडीवर थांबला.

माणूस हळूहळू बोलता झाला. गावात बहिणीचं, म्हणजे दिलेश्वरच्या बहिणीचं, लग्न ठरलं होतं. पोराला न्यायला तो आला होता. फोन कधीचा बंद होता, बिघडला असेल असं घरच्यांनी धरलं. "पैसा आता रहा," तो म्हणाला. "हर महीना. एक्को महीना नहीं चूका. बस, आवाज नहीं आया."

एवढ्यात गजेंद्र आतून जांभई देत आला. पूर्वी त्याचा टेम्पो होता, तो बडनेरा आणि अकोल्यापर्यंत संत्री-कापूस वाहायचा. खोल्या चालू लागल्यावर त्यानं टेम्पो विकला. झोपणाऱ्यांच्या गल्लीत तोही दुपारची झोप शिकला; फरक एवढाच, की पोरांना उठून कामावर तरी जावं लागे.

"पाव्हणे कुठचे?" त्यानं बायकोला विचारलं.

"या लाल किनारीवाल्याचे बाबा हायेत."

"असं का! बसा बसा, बापा." गजेंद्र गालात हसला. "तुमच्याच पोरायनं आमाले पोसलं हाये जी. आमची पोट्टी तर पुण्याले गेली."

माणसाला सगळं कळलं नाही, तरी तो मान लववून हसला.

उन्हं उतरली. आत हालचाल सुरू झाली. एक पांघरूण दूर झालं, दुसरं झालं. पोरं डोळे चोळत उठली आणि खिडकीतला अनोळखी चेहरा पाहून बिचकली. लाल किनारीची गोधडी सगळ्यांत शेवटी हलली. आधी एक हात बाहेर आला, मग केस, मग चेहरा.

माणूस हसत होता. चेहरा पूर्ण बाहेर आला तरी ते हसू तसंच राहिलं, जणू त्याला जा म्हणून कोणी सांगितलं नाही.

"कौन है?" गोधडीतल्या पोरानं विचारलं.

"दिलेश्वर किधर है?" हे साधनानं विचारलं.

"दिलेश्वर?" पोरगा गोंधळला. त्याचं नाव बिशुन. "वो तो घर पे है. होली में गया ना."

"घर नहीं आया," माणूस म्हणाला.

आणि मग त्या खोलीत जे हळूहळू उलगडत गेलं, त्यात कोणाचीच लबाडी नव्हती. तेच साधनाला सगळ्यांत भयंकर वाटलं. होळीला दिलेश्वर कोणाला न कळवता घरी निघाला होता, घरच्यांना चकित करायला. पंधरा दिवसांत येतो, तोवर माझी जागा राखा, एवढं बोलून तो बडनेरा स्टेशनकडे गेला. जागा राखायची म्हणजे त्याच्या नावानं कोणीतरी कामावर उभं राहायचं. ठेकेदाराला आठ डोकी भरली की झालं. कोणतं डोकं कोणाचं, ते तो बघत नसे. पोरांनी आळीपाळीनं आपली पाळी संपवून त्याचीही पाळी केली, आणि त्याचे पैसे फारुखच्या दुकानातून इमानेइतबारे त्याच्या घरी पाठवले. पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. त्याचा फोन लागत नव्हता, तर गावाकडे रेंज नसेल असं पोरांनी धरलं. घरी पैसे येत होते, म्हणून तो अमरावतीत आहे असं घरच्यांनी धरलं. मऊ म्हणून त्याची गोधडी रात्रपाळीहून जो आधी येईल तो घेई, आणि त्याचं स्वतःचं पांघरूण शेजारी तसंच पसरलेलं राही. आणि खिडकीतून साधनाला रोज चार पांघरुणं दिसत होती.

सहा महिने आपण कोणाला पाहत होतो? एक माणूस तिच्या घरातून नाहीसा झाला होता आणि घराला त्याची जागा रिकामी झालेली कळलीसुद्धा नव्हती, कारण ती रिकामी झालीच नव्हती.

माणूस ओट्यावर बसला होता. अंधार पडायला लागला तरी त्यानं खिडकीतून नजर काढली नाही.

गजेंद्रनं साधनाला आत बोलावलं. "पोलिसात आपण जायचं नाही," तो म्हणाला. "त्याचे लोक हायेत, ते पाहतीन. उगाच चौकशी लागली की पोट्टे खोली सोडतीन. गल्लीतले सारेच सोडतीन. मंग रागिणीले काय पाठवशीन?"

"मी दिवसभर घरीच असतो न? मले इचारल्याबिगर कसं होईन?" साधना म्हणाली.

"इचारलं त काय सांगशीन?"

साधनानं बाहेर जाऊन माणसाला जेवायला वाढलं, आणि त्यानं ताटाला हात लावला नाही तेव्हा ताट झाकून ठेवलं. मग तिनं रागिणीला फोन लावला.

"तुह्या घरमालकिणीले तुहं नाव मालूम हाये का वं?"

"काहून वं आई?" रागिणी हसली. "बेटा म्हणतात त्या मले. आमाले साऱ्यायलेच बेटा म्हणतात."

"उद्या तिले नाव सांग आपलं. सांगशीन न? आडनावासकट सांग."

"काय झालं तुले?"

"काही नाही. सांग तू," साधना म्हणाली आणि फोन ठेवून देवापाशी उगीच उभी राहिली.

सकाळी बिशुन, माणूस आणि साधना चौकीत गेले. गजेंद्र आला नाही. तिथला जमादार वयस्क होता, शांतपणे विचारत होता.

"बाई, तुमी पोराले शेवटचं कवा पाह्यलं?"

"रोजच पाहतो जी."

"होळीनंतर?"

"होळीनंतर बी."

"मंग तो होळीले गेला कसा?"

साधना पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली.

"बरं, दिसाले कसा होता? उंच? सावळा? चेहऱ्यावर काही खूण?"

तिनं डोळे मिटून खरोखर प्रयत्न केला. ओळीनं आठ पोरं उभी राहिली, सगळी एकाच उंचीची, सगळी पांघरुणातली. कोण लाजाळू होता, कोण दळण आणून द्यायचा, रागिणी आली की कोण खाली मान घालून जायचा, काही काही वेगळं होईना.

"निळ्या चौकटीचा शर्ट घालते," ती शेवटी म्हणाली. "माह्या नवऱ्याचा होता. मीच देल्ला."

जमादारानं मान वर केली आणि तिच्या शेजारी बघितलं. तो शर्ट बिशुनच्या अंगात होता.

लाजेनं साधनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो फरशीकडे पाहत राहिला आणि मग स्वतःच सांगू लागला: उंची अमुक, कपाळावर लहानपणी विळा लागलेली खूण, चालताना उजवा खांदा खाली. जमादारानं फोटो ठेवून घेतला. बडनेऱ्याच्या रेल्वे पोलिसांना कळवतो, म्हणाला. निरोपासाठी साधनानं आपला नंबर दिला. तेवढंच तिच्या हातात होतं.

माणूस परत जाईल असं गजेंद्रला वाटलं होतं. तो गेला नाही. दोन दिवस तो स्टेशनवर फोटोविना फिरला, लोकांना हातानं उंची दाखवत. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस खोलीवर आला. गोष्ट चौकीपर्यंत गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. पुढं दुहेरी पाळी चालणार नाही, तो म्हणाला. दिलेश्वर उभा राहत नसेल तर त्याच्या जागी दुसरा येईल, पोरं रांगेत आहेत.

"जगह चली गई तो लौटेगा कहाँ?" माणूस म्हणाला.

संध्याकाळी बस आली, तेव्हा कंपनीचा राखाडी टी-शर्ट घालून तो पोरांच्या रांगेत उभा होता. साधना दारातून पाहत होती. ठेकेदाराचा माणूस मोबाईलमध्ये पाहत एकेक नाव घेत होता.

"दिलेश्वर."

"हाजिर."

ठेकेदाराच्या माणसानं मान वर केली नाही. बस गेली.

साधनानं त्या दिवसापासून पोरांची नावं शिकायला घेतली. एकेकाला ओट्यावर थांबवून विचारी, घोकी, त्यांना हाका मारून बघी. पोरांना आधी मौज वाटली. मग पाळ्या बदलल्या, दिवसाची पोरं रात्रीची झाली, दोघं गेली, दोघं नवी आली, आणि सगळं पुन्हा एकमेकांत मिसळलं. पण म्हातारा तरी आपल्याला ओळखू येईल, याची तिला खात्री होती. पहिले काही दिवस तो येई, नमस्कार करी, फोन आला का म्हणून नुसत्या नजरेनं विचारी. मग नजरेतली ती विचारणा कमी झाली. सकाळी बस यायची, राखाडी टी-शर्ट उतरायचे, झोपेनं जड झालेले पाय ओढत खोलीत शिरायचे. एकदा तिनं त्यांच्यात त्याला शोधलं तर तो चटकन सापडला नाही. केस इतरांसारखे बारीक कापलेले, तोंडात इतरांसारखीच खैनी. उतरताना त्याचा उजवा खांदा किंचित खाली गेलेला तिला दिसला. पण तो म्हाताराच होता की दुसरं कोणी, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

"तो बुढा गेला का वं गावाले?" गोदाबाईंनी एकदा दबक्या आवाजात विचारलं.

"नाही. हाये न इथंच."

"दिसत नाही कवा."

दिवाळी जवळ आली होती. साधना दुपारी शंकरपाळ्यांचं पीठ मळत होती, तेव्हा फोन थरथरला. तिनं पिठाच्या हातानंच उचलला.

"बडनेऱ्याहून बोलून राह्यलो, बाई. रेल्वे पोलीस. ते तुमच्याकडे मुलाचे वडील हायेत न, ज्यायनं तक्रार देल्ली? त्यायले पाठवा. एका माणसाची ओळख पटवाची हाये."

साधना उठून उभी राहिली. "जिता हाये न जी?"

"वडलाले फोन द्या तुमी."

ती धावत खोलीच्या खिडकीपाशी गेली. आत चार पांघरुणं होती, ओळीनं, सारख्या लांबीची. लाल किनारीची गोधडी कोपऱ्यातच होती, पण तिच्याखाली कोण आहे, ते गोधडीवरून ठरत नाही हे तिला आता माहीत होतं. दार आतून लावलेलं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि आपण त्या माणसाचं नाव कधी विचारलंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. सातही पोरांची नावं तिनं घोकली होती. याचं नाही; चौकीत त्यानं ते सांगितलं, तेही तिनं ऐकलं नव्हतं. तो आला तेव्हापासून बापच होता, आणि मग दिलेश्वर म्हणून कामावर जायला लागला.

गजांना धरून, झोपलेल्यांपैकी एकच उठावा अशा बेतानं, ती हळूच म्हणाली,

"दिलेश्वर के..."

"हाजिर," एका पांघरुणाखालून आवाज आला.

कोणत्या, ते तिला कळलं नाही. आवाज झोपेतला होता, वय नसलेला. चारही पांघरुणं पुन्हा सारखी वरखाली होऊ लागली. तिच्या हातातल्या फोनमधून कोणीतरी विचारत होतं, "हॅलो? भेटले का, बाई?"